निर्जंतुक असूनही ज्वरकारक: वैद्यकीय उपकरणांची एंडोटॉक्सिन चाचणी

एंडोटॉक्सिन म्हणजे ग्रॅम-ऋण जीवाणूंच्या बाहेरच्या आवरणातले लिपोपॉलिसॅकराइड, मेद आणि शर्करा यांचा जोडरेणू. जीवाणू जिवंत असताना ते थोडे थोडे सुटत राहते आणि जीवाणू मेला, फुटला की एकदम मोकळे होते. त्यातला ‘लिपिड ए’ हा मेदाचा भाग रक्तात पोचला की शरीरातल्या संरक्षक पेशी त्याला संसर्गाची खूण समजतात आणि ताप आणणारी रसायने सोडतात. सलाइन लावल्यावर तासाभरात रुग्णाला हुडहुडी भरते, दातांवर दात आपटू लागतात, ताप चढतो. मात्रा मोठी असेल तर रक्तदाब कोसळतो. वॉर्डात याला नुसते ‘रिअॅक्शन आली’ म्हणतात. अशा वेळी संशय आधी औषधावर जातो. पण हेच विष सलाइनच्या नळीतून, कॅन्युलातून किंवा डायलायझरमधूनही येऊ शकते.

निर्जंतुक उपकरण ज्वरकारक नसतेच, असा समज कारखान्यांतही आढळतो आणि तो धोकादायक आहे. ऑटोक्लेव्हमधली 121 अंश सेल्सियसची वाफ जीवाणू मारते, पण एंडोटॉक्सिन जवळजवळ जसेच्या तसे राहते. इथिलीन ऑक्साइड किंवा गॅमा किरणांनी केलेल्या निर्जंतुकीकरणावरही या बाबतीत विसंबता येत नाही. एंडोटॉक्सिन खात्रीने नष्ट होते ते कोरड्या उष्णतेने, साधारण 250 अंशांवर 30 मिनिटांत. काचेच्या नळ्या आणि स्टीलची भांडी ही उष्णता सोसतात, पीव्हीसीची नळी सोसत नाही. त्यामुळे प्लॅस्टिकच्या उपकरणात एंडोटॉक्सिन मुळात शिरू न देणे हाच खरा उपाय ठरतो. चाचणी त्या दक्षतेची पडताळणी करते, तिची जागा घेत नाही.

या चाचणीचा इतिहास थोडक्यात पाहिला तर तिच्या मर्यादाही कळतात. शिरेतून दिलेल्या द्रावणांमुळे येणारा ताप ऊर्ध्वपातित पाण्यातल्या जीवाणूजन्य पदार्थामुळे येतो, हे अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ फ्लोरेन्स सायबर्ट यांनी 1923 मध्ये सशांवर प्रयोग करून दाखवले. 1942 मध्ये सशांची चाचणी अमेरिकन औषधकोशात आली आणि पुढची काही दशके तीच कसोटी राहिली. दरम्यान 1956 मध्ये फ्रेडरिक बँग यांनी नाल खेकड्याचे रक्त ग्रॅम-ऋण जीवाणूंमुळे गोठते हे नोंदवले आणि पुढे जॅक लेव्हिन यांच्यासोबत त्या रक्तपेशींपासून रिएजंट तयार केले. अटलांटिक किनाऱ्यावरच्या त्या प्राण्याच्या लिम्युलस या नावावरून रिएजंटला ‘एलएएल’ हे नाव मिळाले. आशियाई जातींपासून केलेल्या रिएजंटला ‘टीएएल’ म्हणतात. भारतात हे प्राणी ओडिशा आणि पश्चिम बंगालच्या किनाऱ्यावर सापडतात, आणि त्यांच्यावर गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनेही काम केले आहे. ससा कोणत्याही ज्वरकारकाला प्रतिसाद देतो, एलएएल मात्र ज्वरकारकांपैकी फक्त एंडोटॉक्सिन ओळखते. उपकरणाच्या प्लॅस्टिकमधून किंवा त्यातल्या रसायनांतून ताप आणणारे दुसरे काही झिरपत असेल, तर ते या चाचणीत दिसणार नाही. तो प्रश्न जैवसुसंगततेच्या मूल्यमापनात, नवे साहित्य निवडतानाच, स्वतंत्रपणे सोडवावा लागतो.

चाचणी सगळ्याच उपकरणांना लागत नाही. ज्यांचा रक्ताशी, लसिकेशी किंवा मेंदू-मज्जारज्जूभोवतीच्या द्रवाशी थेट किंवा द्रवामार्फत संबंध येतो, ज्यांचे शरीरात रोपण होते, किंवा ज्यांच्या वेष्टनावर ‘ज्वरकारकरहित’ असा दावा छापला जातो, त्यांना ती लागते. अखंड त्वचेवर चिकटवायच्या पट्टीला ती लागत नाही. डोळ्याच्या आत वापरायच्या वस्तूंचा विचार वेगळा करावा लागतो, कारण डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात अगदी थोडे एंडोटॉक्सिनही तीव्र दाह घडवते. भारतात उपकरणांचे उत्पादन ‘वैद्यकीय उपकरण नियम, 2017’ खाली येते. ‘अ’ आणि ‘ब’ वर्गांच्या उत्पादनाचा परवाना राज्याकडून, म्हणजे महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाकडून मिळतो. ‘क’ आणि ‘ड’ वर्गांचा केंद्राकडून. चाचणीची पद्धत भारतीय औषधकोशात आहे. निर्यात करणाऱ्यांना त्याखेरीज अमेरिकन किंवा युरोपीय औषधकोश आणि 2023 मध्ये आलेले आयएसओ 11737 मालिकेतले तिसऱ्या भागाचे मानकही पाहावे लागते.

एंडोटॉक्सिन वजनात मोजत नाहीत, कारण वेगवेगळ्या जीवाणूंच्या एंडोटॉक्सिनची तीव्रता वेगवेगळी असते. त्याऐवजी प्रमाणित नमुन्याशी तुलना करून ‘ईयू’ या एककात मोजतात. एक ईयू म्हणजे ई. कोलायच्या प्रमाणित एंडोटॉक्सिनचा सुमारे 0.1 नॅनोग्रॅम. माणसाला ताप येण्याचा उंबरठा दर किलो वजनामागे तासाला 5 ईयू धरतात. 60 किलोच्या रुग्णासाठी 300 ईयू. उपकरणांची सर्वमान्य मर्यादा मात्र नगामागे 20 ईयू आहे, आणि मेंदू-मज्जारज्जूच्या द्रवाशी संबंध येणाऱ्या उपकरणांसाठी केवळ 2.15 ईयू. ही मर्यादा अवाजवी कडक नाही. अतिदक्षता विभागातल्या रुग्णाला एकाच वेळी कॅन्युला, थ्री-वे, एक्स्टेंशन लाइन आणि सलाइन सेट लावलेले असतात, शिवाय औषधे चालू असतात. प्रत्येकाचा वाटा एकाच शरीरात जमा होतो.

कामाचा सगळ्यात नाजूक टप्पा रिएजंटचा नव्हे, उपकरणातून एंडोटॉक्सिन पाण्यात उतरवण्याचा आहे. पाण्यात जे उतरले नाही ते पुढच्या कोणत्याही महागड्या यंत्राला दिसत नाही. अमेरिकन औषधकोशाच्या उपकरणांवरील प्रकरणानुसार 30 पेक्षा कमी नगांच्या लॉटमधून 2, 30 ते 100 नगांतून 3 आणि त्याहून मोठ्या लॉटमधून 3 टक्के, पण जास्तीत जास्त 10 नग घ्यावे लागतात. 200 नगांच्या लॉटमधून 6 आणि 5,000 मधून 10. नमुने लॉटच्या सुरुवातीच्या, मधल्या आणि शेवटच्या भागातून उचलावेत. पाळी बदलल्यानंतरचा किंवा यंत्र बंद पडून पुन्हा सुरू झाल्यानंतरचा माल त्यात असेल तर उत्तमच.

सलाइन सेटचे उदाहरण घ्यावे. इथे द्रव जिथून वाहतो तो आतला मार्गच महत्त्वाचा असतो. नळीची बाहेरची बाजू पाण्यात बुडवली तर अर्थ नसलेला आकडा हाती येतो. एंडोटॉक्सिनरहित पाणी 37 अंशांपर्यंत गरम करून प्रत्येक सेटमध्ये 40 मि.लि. या हिशेबाने वापरतात. एका सेटच्या नळीत एवढे पाणी एकदम मावत नाही, म्हणून मार्ग पूर्ण भरून ठेवायचा आणि उरलेले पाणी नंतर त्यातूनच धुऊन घ्यायचे. भरताना ड्रिप चेंबर उलटा धरून टिचक्या मारल्या म्हणजे फिल्टरच्या जाळीखाली अडकलेली हवा निघते. ती राहिली तर तेवढा भाग कोरडाच राहतो, आणि धूळ व ओलावा साचण्याची जागा नेमकी तीच असते. दोन्ही टोके बंद करताना कपाटातली कुठलीही टोपणे वापरू नयेत. सेटची स्वतःची किंवा एंडोटॉक्सिन नष्ट केलेलीच वापरावीत. तासभर तापमान राखून मग अर्क कोरड्या उष्णतेतून काढलेल्या काचेच्या बाटलीत गोळा करावा. चाचणी शक्यतो त्याच दिवशी करावी. थोडा वेळ ठेवावाच लागला तर 2 ते 8 अंशांवर ठेवून, वापरण्याआधी बाटली पुन्हा जोरात घुसळावी, कारण एंडोटॉक्सिन भांड्याच्या भिंतीला चिकटते. पॉलिप्रोपिलीनला ते विशेष चिकटते, म्हणून त्या प्लॅस्टिकच्या बाटल्या टाळलेल्या बऱ्या.

आता हिशेब. अर्काची मर्यादा काढण्यासाठी नगामागची मर्यादा गुणिले नगांची संख्या, भागिले एकूण पाणी. दहा सेट आणि 400 मि.लि. पाणी असेल तर 20 गुणिले 10 भागिले 400, म्हणजे दर मि.लि.ला 0.5 ईयू. उपकरण लहान असेल आणि प्रत्येक नगाला 5 मि.लि. पाणी पुरत असेल, तर मर्यादा दर मि.लि.ला 4 ईयू होते. मात्र मर्यादा सैल करण्यासाठी पाणी कमी करणे गैर. उपकरण पूर्ण भिजले पाहिजे आणि निवडलेल्या प्रमाणाचे कारण कागदावर असले पाहिजे. या मर्यादेला रिएजंटच्या संवेदनशीलतेने भागले की अर्क जास्तीत जास्त किती पट पातळ करता येईल ते कळते. 0.125 संवेदनशीलतेच्या रिएजंटला 0.5 च्या मर्यादेत चार पट. मेंदूतले पाणी उतरवणाऱ्या शंटसाठी हेच गणित 2.15 घेऊन केले तर मर्यादा 0.05 च्या आसपास येते. म्हणजे 0.125 चे रिएजंट तिथे कामाचेच नाही: सगळ्या नळ्या स्वच्छ दिसतील आणि तरीही लॉट मर्यादेच्या दुप्पट दूषित असू शकेल. रिएजंटची ऑर्डर देण्याआधी हा एका ओळीचा हिशेब करून पाहावा.

एकत्र अर्काचा आणखी एक धोका असतो. दहा सेटांचा अर्क एकत्र करून सरासरी 15 ईयू आली तर लॉट पास होतो. पण एकूण 150 ईयू एकाच सेटमधून आले आणि बाकीचे नऊ कोरे निघाले, असेही घडू शकते. सरासरी ते सांगत नाही. म्हणून नवे उत्पादन, नवा साचा किंवा नवा पुरवठादार असेल तेव्हा सुरुवातीचे काही लॉट नग वेगवेगळे तपासून पाहावेत. नगानगांत फारसा फरक नाही हे दिसले की मग एकत्र अर्काकडे वळावे.

मोजण्याच्या तीन पद्धती आहेत आणि तिघींच्या मुळाशी खेकड्याच्या रक्तातली तीच विकरांची साखळी आहे. गाठ पद्धतीत अर्क आणि रिएजंट 10 बाय 75 मि.मी.च्या काचेच्या नळीत समान प्रमाणात मिसळून 37 अंशांवर 60 मिनिटे ठेवतात. या तासात नळीला धक्का लागता कामा नये. एकदा मोडलेली गाठ पुन्हा बांधली जात नाही आणि दूषित नमुना स्वच्छ ठरतो. सेंट्रीफ्यूजच्या टेबलावर हीटिंग ब्लॉक ठेवणे हे म्हणूनच चूक. वेळ झाली की एकेक नळी सावकाश, एका सलग हालचालीत 180 अंशांत उलटी करावी. गाठ तळाशी घट्ट राहिली तर निकाल होकारार्थी. द्रव दाट झाला पण घसरला, तर नकारार्थी. ‘अर्धवट’ असा तिसरा निकाल नसतो. गढूळपणा मोजणाऱ्या पद्धतीत प्रकाश किती अडतो ते यंत्र पाहते, तर रंग पद्धतीत रिएजंटमधून सुटणारा पिवळा रंग 405 नॅनोमीटरवर मोजला जातो. या दोन्हींमध्ये 0.005 ईयूपर्यंत खाली जाता येते आणि आकडाही मिळतो, त्यामुळे महिन्यामागून महिन्याचा कल दिसतो. लहान कारखान्यात, महिन्याला मोजके लॉट निघत असतील तर गाठ पद्धत पुरेशी आणि भरवशाची आहे. शंट, रोपणे किंवा मोठे उत्पादन असेल तर मोजणारी पद्धत घ्यावी.

निकालावर विश्वास ठेवायचा की नाही, हे कंट्रोल ठरवतात. फक्त पाण्याची नळी कोरी राहिली पाहिजे. प्रमाणित एंडोटॉक्सिनच्या नळ्यांनी रिएजंटची लिहिलेली संवेदनशीलता, अर्धी ते दुप्पट या पट्ट्यात, खरी करून दाखवली पाहिजे. यंत्रावर प्रमाणरेषेचा सहसंबंध निदान 0.980 हवा. आणि सगळ्यात मोलाचा कंट्रोल म्हणजे खुद्द अर्कातच ठरावीक एंडोटॉक्सिन घालून ते परत सापडते का, हे पाहणे. मोजणाऱ्या पद्धतीत ते 50 ते 200 टक्के सापडले पाहिजे. गाठ पद्धतीत त्या नळीत गाठ झाली पाहिजे. ती झाली नाही तर अर्कातले काही तरी रिएजंटला गप्प करत आहे, आणि शेजारच्या कोऱ्या नळीचा अर्थ ‘स्वच्छ’ असा लावता येत नाही. हेपॅरिनचा लेप, ईडीटीए, सांडलेले आम्ल किंवा अल्कली ही नेहमीची कारणे. मिश्रणाचा सामू 6 ते 8 मध्ये आणावा, आणि मर्यादेच्या आत राहून अर्क पातळ करावा. बहुतेक अडथळे त्याने सुटतात. साहित्य, रंगद्रव्य, गोंद किंवा निर्जंतुकीकरणाची पद्धत बदलली की ही योग्यतेची तपासणी पुन्हा करावी.

उलटी फसवणूकही होते. खेकड्याच्या रक्तात बुरशीच्या भित्तिकेतल्या बीटा-ग्लुकॅनलाही ओळखणारी एक वाट असते. सेल्युलोजचे तंतू, कापूस, कागद आणि काही डायलायझरची पटले यांतून असेच ग्लुकॅन उतरते आणि एंडोटॉक्सिन नसताना निकाल होकारार्थी येतो. अशा वेळी ग्लुकॅन रोखणारे बफर किंवा ती वाट काढून टाकलेले रिएजंट वापरून फेरतपासणी करावी. पण ‘ग्लुकॅन असेल’ हे सिद्ध न करता नापास लॉट सोडण्याची पळवाट होऊ देऊ नये.

प्रयोगशाळेतल्या शिस्तीविषयी दोन गोष्टी आवर्जून. प्रमाणित एंडोटॉक्सिनची कुपी पाण्यात विरघळवल्यावर पत्रकात सांगितला असेल तितका पूर्ण वेळ, बहुधा 15 मिनिटे, व्होर्टेक्सवर घुसळावी आणि पुढच्या प्रत्येक विरलीकरणालाही मिनिटभर द्यावे; इथे घाई झाली की प्रमाणरेषा वाकडी येते आणि दोष रिएजंटला दिला जातो. दुसरे, काचेच्या नळ्यांचे ओव्हन फक्त 250 वर लावून भागत नाही. एंडोटॉक्सिन लावलेले नमुने भरलेल्या ओव्हनमध्ये, सगळ्यात थंड कोपऱ्यात ठेवून त्याची पातळी हजारपटीने घटते हे दाखवावे लागते.

लॉट नापास झाला तर पहिली चौकशी प्रयोगशाळेची. कंट्रोल बरोबर होते का, पिपेटचे टोक कुठे टेकले का, पाण्याची बाटली कधी उघडली. गाठ पद्धतीत एकाच अर्काच्या दोन नळ्यांनी वेगवेगळे उत्तर दिले तर चाचणी पुन्हा करायची असते. दोन्ही होकारार्थी आल्या आणि प्रयोगशाळेत चूक सापडली नाही, तर निकाल तो निकाल. पास होईपर्यंत तपासत राहणे ही चाचणी नव्हे. असा लॉट पुन्हा निर्जंतुक करूनही सुधारत नाही, हे पहिल्याच परिच्छेदांतल्या कारणामुळे उघड आहे.

मूळ बहुतेक वेळा पाण्यात सापडते. ग्रॅम-ऋण जीवाणू अगदी शुद्ध पाण्यातही वाढतात आणि नळाच्या आतल्या भिंतीवर चिकट थर धरतात. तो थर अधूनमधून सुटून येतो, म्हणून महिनाभर स्वच्छ असलेले पाणी एके दिवशी अचानक बिघडते. नळ्या धुण्यासाठी वापरायचे शेवटचे पाणी दर मि.लि.ला 0.25 ईयू या इंजेक्शनच्या पाण्याच्या मर्यादेत असावे. पाणी सतत फिरते आणि गरम ठेवावे, न वापरलेले बंद फाटे कापून टाकावेत, नमुना वापराच्या ठिकाणच्या नळाचाच घ्यावा. साच्याला थंड करणारे पाणी गळत असेल तर तेच भागावर शिंपडले जाते, आणि ही जागा तपासणीत सहज सुटते. धुतलेले भाग लगेच पूर्ण वाळवावेत. शनिवारी दुपारी धुऊन ओले ठेवलेल्या टोपल्यांत सोमवारपर्यंत जीवाणूंच्या कितीतरी पिढ्या होतात. निर्जंतुकीकरणात ते मरतात आणि त्यांचे एंडोटॉक्सिन मालासोबत वेष्टनात जाते. धुणे ते निर्जंतुकीकरण यांत कमाल किती तास जाऊ शकतात, हे लेखी ठरवून पाळलेले हवे.

येत्या काळात रिएजंटच बदलत आहे. एंडोटॉक्सिन ओळखणाऱ्या ‘फॅक्टर सी’ या प्रथिनाचे जनुक सिंगापूरच्या संशोधकांनी वेगळे केले आणि आता ते प्रथिन खेकड्याचे रक्त न काढता पेशींच्या संवर्धनातून मिळते. त्यात ग्लुकॅनची वाट मुळातच नसते, त्यामुळे सेल्युलोजच्या उपकरणांना ते विशेष सोयीचे आहे. युरोपीय औषधकोशात त्याची पद्धत 2021 पासून आहे आणि अमेरिकन औषधकोशात 2025 पासून. बदल करताना प्रत्येक उपकरणाच्या अर्कावर योग्यतेची तपासणी नव्याने करावी, काही लॉट जुन्या आणि नव्या रिएजंटने बरोबरीने तपासावेत आणि परवान्यात नोंदवलेली पद्धत बदलण्याआधी संबंधित प्राधिकरणाला कळवावे. सशांची चाचणी युरोपीय औषधकोशाने 2026 पासून वगळली आहे. एंडोटॉक्सिनखेरीजच्या ज्वरकारकांसाठी तिथे मानवी मोनोसाइट पेशींवर आधारित चाचणी उपलब्ध आहे, आणि युरोपला उपकरणे पाठवणाऱ्यांनी तिच्या सोयी असलेली प्रयोगशाळा आधीच शोधून ठेवावी.